फौजेतली नोकरी आणि नाशिकचे घर : नवे जवान आणि त्यांच्या घरच्यांसाठी

नाशिकची फौजेशी ओळख जुनी आहे. नाशिकरोड कॅम्पमध्ये तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, देवळालीला तोफखान्याचे स्कूल आहे, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. त्यामुळे इकडच्या मुलाची भरती झाली की नातेवाइकांना वाटते, पोरगा आता घराजवळच राहील. प्रत्यक्षात निफाड, सिन्नर किंवा चांदवडच्या मुलाच्या वाट्याला नाशिक फार तर प्रशिक्षणापुरते येते. माझे स्वतःचे प्रशिक्षण नाशिकरोडलाच झाले, घर जेमतेम चाळीस किलोमीटरवर होते, आणि तरीही त्या काळात घरी जाता न येण्याची सवय मला तिथेच लागली. पुढे तोफखान्यात २४ वर्षे काढून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्या वर्षांत जे उशिरा कळले, ते नव्याने भरती झालेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना वेळेवर कळावे, यासाठी हा लेख आहे.

आधी एक साधा हिशेब मांडतो. लष्करात नियमित सेवेतल्या जवानाला एका कॅलेंडर वर्षात ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. यातला एकही दिवस वाया गेला नाही असे धरले, तरी वर्षाचे ९० दिवस होतात आणि २४ वर्षांचे २,१६० दिवस, म्हणजे सहा वर्षेही भरत नाहीत. त्यातून प्रवासाचे दिवस वजा होतात. २०२२ पासून अग्निपथ योजनेखाली भरती होणाऱ्या अग्निवीरांना तर वर्षाला ३० दिवसच रजा आहे. दिवस वाढवणे आपल्या हातात नाही. जे दिवस मिळतात ते घरातल्या माणसांपर्यंत पोचतात की सरकारी कचेऱ्या, दुरुस्त्या आणि गावभेटी यांतच संपतात, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीचा हेतू एकच आहे : घर तुमच्या अनुपस्थितीतही नीट चालावे, म्हणजे तुम्ही घरी याल तेव्हा तुमची वाट पाहत साचलेली कामे नसतील, माणसे असतील.

पहिली पायरी : कागद

घरासाठी वेळ काढण्याची सुरुवात कागदांपासून करा, असे सांगितले की नव्या मुलांना ते रुक्ष वाटते. माझ्या ओळखीच्या अनेकांच्या सुट्ट्या मात्र कागदांनीच खाल्लेल्या मी पाहिल्या आहेत. लग्न झाले, मूल झाले, पत्ता बदलला की त्याची नोंद युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेतले आणि कुटुंबातले बदल नोंदवणाऱ्या अधिकृत आदेशात, झालीच पाहिजे. ही नोंद झाल्याशिवाय पत्नी आणि मूल फौजेच्या दृष्टीने तुमच्या कुटुंबात येत नाहीत. मग लष्करी रुग्णालयातले उपचार, क्वार्टर, मुलांचा शैक्षणिक भत्ता आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतन, सगळेच अडते.

आपल्याकडे यात एक खास गुंता होतो. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, लग्नपत्रिकेत तिसरे आणि जवानाने युनिटमध्ये हौसेने सांगितलेले चौथे, अशी स्थिती मी प्रत्यक्ष पाहिली आहे. विवाह नोंदणी, आधार, बँक खाते आणि पार्ट टू ऑर्डर या चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी असावी. नाव बदलायचेच असेल, तर राजपत्रात प्रसिद्धी करून आधी सर्व कागद एकसारखे करावेत आणि मगच युनिटमध्ये द्यावेत. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव तेच आहे ना, हे रुग्णालयातून दाखला निघतानाच बघावे. वीस वर्षांनी ही चूक दुरुस्त करायला जितके दिवस लागतात, तितके दिवस मुलांबरोबर घालवता आले असते.

प्रत्येक दलाचे अभिलेख कार्यालय, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय, वेगळ्या शहरात असते, हेही घरच्यांना माहीत असावे. तोफखान्याचे अभिलेख कार्यालय नाशिकरोड कॅम्पमध्येच असल्यामुळे आपल्या जिल्ह्यातल्या तोपचींची सोय आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाच्या घरच्यांना मात्र बेळगावशी, महार रेजिमेंटच्या जवानाच्या घरच्यांना सागरशी, आणि बॉम्बे सॅपर्समधल्या जवानाच्या घरच्यांना पुण्यात खडकीशी पत्रव्यवहार करावा लागतो.

या सगळ्याची एक वही करा. तिच्या पहिल्या पानावर आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, टपालाचा पत्ता आणि युनिटच्या कार्यालयाचा फोन क्रमांक लिहा. पुढच्या पानांवर बँक, विमा, नामनिर्देशन, सातबारा, घरपट्टी आणि वीजबिल यांचे तपशील असू द्या. वही घरातल्या दोन माणसांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा. पैशांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : लग्नानंतर पहिल्याच महिन्यापासून पत्नीच्या स्वतःच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम आपोआप जमा होईल अशी सूचना बँकेला द्यावी आणि आईवडिलांची रक्कम वेगळी पाठवावी. पैसे एकाच्या हातातून दुसऱ्याला मागावे लागले की घरात जे कुरबुरीचे वातावरण तयार होते, ते निस्तरण्यात सुट्टीचा पहिला आठवडा जातो.

दुसरी पायरी : रजेची आखणी

वर्षाच्या सुरुवातीला युनिटमध्ये रजेचा आराखडा तयार होतो. एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसे बाहेर सोडता येत नाहीत, आणि युद्धसराव, फायरिंग, तपासण्या यांचे महिने आधीच वगळले जातात. रजा मंजूर होणे युनिटच्या गरजेवर अवलंबून असते आणि मंजूर झालेली रजा रद्दही होऊ शकते, हे घरच्यांना पहिल्या वर्षीच समजावून सांगा. तरीही जो जवान डिसेंबरातच आपले महिने विचार करून बॅटरी हवालदार मेजरकडे (बॅटरी म्हणजे तोफखान्याची तुकडी, आणि हा तिचा कारभार पाहणारा वरिष्ठ हवालदार) नोंदवतो, त्याला ऐनवेळी धावपळ करणाऱ्यापेक्षा रजा सहज मिळते, हा माझा अनुभव आहे. वार्षिक रजेला नैमित्तिक रजा जोडता येत नाही, आणि न घेतलेली नैमित्तिक रजा वर्षअखेरीस बुडते. न वापरलेल्या वार्षिक रजेतले काही दिवस साठतात आणि निवृत्तीच्या वेळी कमाल ३०० दिवसांपर्यंतचा मोबदला मिळतो. हा आकडा ऐकून काही तरुण मुद्दाम रजा वाचवतात. मुले लहान असताना असे करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

महिने ठरवताना नाशिकच्या घरात तीन वेळापत्रके एकमेकांना छेद देतात. पहिले शेतीचे : द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये, गोडी बहाराची छाटणी ऑक्टोबरच्या आसपास, काढणी जानेवारी ते मार्च, आणि उन्हाळ कांद्याची काढणी मार्च-एप्रिलमध्ये. दुसरे शाळेचे : मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा सुट्टीचा, मग नवे वर्ष, आणि मध्ये दिवाळीची सुट्टी. तिसरे सणांचे आणि लग्नकार्याचे. वडिलांना वाटते, मुलाने छाटणीला यावे. आईला वाटते, दिवाळीला यावे. पत्नी काही बोलत नाही, आणि मुले काय म्हणतात ते कोणी विचारतच नाही.

मी पहिली दहा वर्षे द्राक्षांच्या वेळापत्रकावर रजा घेतली. मार्च-एप्रिलमध्ये घरी यायचो, दिवस बागेत आणि बाजार समितीत जायचा, आणि मुलीची त्याच दिवसांत वार्षिक परीक्षा असायची. ती संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलेली, मी थकून झोपलेलो. ती चौथीत गेली तेव्हा तिच्या बाईंनी पालक म्हणून मला प्रथमच पाहिले. त्यानंतर मी मोठी रजा मे ते जूनच्या मध्यापर्यंत घ्यायला लागलो, म्हणजे मुलांची सुट्टी मिळायची आणि शाळेचा पहिला दिवसही गाठता यायचा. छाटणीसाठी मजुरांची टोळी ठरवायचो आणि तिचे पैसे आधी पाठवायचो. वडिलांना सुरुवातीला हे रुचले नाही. एक हंगाम त्या टोळीने काम चोख केल्यावर त्यांनीच पुढच्या वर्षी तिला आगाऊ सांगून ठेवले.

६० दिवस एकदम घ्यावेत की तोडून, याला एकच उत्तर नाही. बदलीची जागा दूर असेल, तर दोन भागांपेक्षा जास्त करू नयेत, कारण प्रत्येक खेपेला जाण्यायेण्यात चार ते सहा दिवस सहज जातात. जागा पुणे, अहिल्यानगर किंवा भोपाळच्या टप्प्यात असेल, तर तीन भाग आणि मध्ये नैमित्तिक रजा अशी विभागणी चांगली ठरते. लहान मुलांच्या दृष्टीने चार महिन्यांनी दहा दिवस भेटणारा बाप हा वर्षाने दोन महिने भेटणाऱ्या बापापेक्षा जास्त ओळखीचा राहतो. वर्षातले निदान दहा दिवस मात्र कोणत्याही ठरलेल्या कारणाशिवाय शिल्लक ठेवा, कारण घरात आजारपण सांगून येत नाही.

दिवाळीची रजा सगळ्यांनाच हवी असते. मिश्र युनिटमध्ये केरळ, आसाम किंवा पंजाबच्या सोबत्यांशी बोलून एक वर्षाआड अदलाबदल करता येते. त्याच्या ओणमला किंवा बिहूला तुम्ही ड्यूटी सांभाळा, तुमच्या लक्ष्मीपूजनाला तो सांभाळेल. मराठी जवानांचा भरणा असलेल्या युनिटमध्ये गणपती आणि दिवाळी दोन्हीसाठी चुरस असते. तिथे पोळा किंवा घरातला एखादा वाढदिवस मागितला, तर मिळण्याची शक्यता जास्त, आणि मुलांना त्याचेही तेवढेच कौतुक असते.

रजेसाठी खोटे कारण कधीही सांगू नका. आई आजारी नसताना आजारी आहे असे एकदा सांगितले, तर ती खरोखर आजारी पडेल त्या दिवशी तुमच्या शब्दाला वजन राहणार नाही.

तिसरी पायरी : प्रवास

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा रजेचा महिना पक्का होताच त्या तारखेची नोंद करा. पंजाबकडे जाणाऱ्यांना नाशिकरोडहून पंजाब मेल आहे. जम्मूची झेलम एक्सप्रेस पुण्याहून दौंड-मनमाड मार्गे जात असल्याने ती मनमाडला पकडावी लागते, आणि येवला, नांदगाव, चांदवडकडच्या जवानांना तेच सोयीचेही आहे. वॉरंट (सरकारी खर्चाने प्रवासाचा कागद), सवलतीचा फॉर्म आणि संरक्षण कोटा यांची माहिती युनिटच्या क्लार्ककडून पहिल्याच सुट्टीआधी नीट समजून घ्या. ईशान्येत किंवा काश्मीरमध्ये असाल, तर ट्रान्झिट कॅम्पात, म्हणजे वाटेतल्या लष्करी मुक्कामाच्या तळावर, एखादा दिवस जाईल असे धरूनच घरी तारीख सांगा. खरे तर घरच्यांना, आणि विशेषतः मुलांना, हिशेबापेक्षा एक दिवस उशिराची तारीख सांगावी. सांगितलेल्या दिवशी बाप आला नाही, हे मूल विसरत नाही. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाच्या पर्वण्यांमुळे नाशिकरोडकडे येणाऱ्या गाड्यांना प्रचंड गर्दी असेल, म्हणून त्या वर्षीची आखणी या महिन्यांना टाळून करणे शहाणपणाचे.

चौथी पायरी : तुम्ही नसताना

दूर असतानाच्या संपर्काचे काही नियम घरात ठरवून घ्यावेत. जिथे फोन लागतो तिथे वेळ ठरलेली असावी, पण एखाद्या दिवशी फोन आला नाही तर घाबरायचे नाही, हेही तितकेच ठरलेले असावे. नेटवर्क नसणे, गस्त, सराव ही रोजची कारणे आहेत. ‘कुठे आहेस, किती जण आहात, कधी निघणार’ हे प्रश्न फोनवर विचारायचे नाहीत, आणि जवानाचे गणवेशातले फोटो, युनिटचे नाव किंवा प्रवासाची तारीख घरातल्या कोणीही समाजमाध्यमांवर टाकायची नाही. भाच्याने कौतुकाने टाकलेल्या एका फोटोमुळे जवानाला युनिटमध्ये उत्तरे द्यावी लागतात.

फोनवर काय बोलावे, याचाही विचार करावा. दहा मिनिटांच्या बोलण्यात आठ मिनिटे तक्रारी आणि दोन मिनिटे ‘जेवलास का’ असे झाले, की पोस्टवरचा माणूस ते ओझे रात्रभर वागवतो, कारण त्याला तिथून काही करता येत नाही. उलट सगळे लपवले, तर सुट्टीवर आल्यावर त्याला एकदम धक्का बसतो. आमच्या घरी पत्नीने एक पद्धत पाडली होती. ज्याबद्दल माझा निर्णय हवा असेल ते ती सुरुवातीलाच सांगायची, जे तिने निस्तरले असेल ते शेवटी एका वाक्यात सांगायची, आणि मधला वेळ मुलांचा असायचा. मुलांशी बोलताना ‘अभ्यास केलास का’ हा एकच प्रश्न विचारू नका. आज डब्यात काय होते, शेजारच्या कुत्रीला पिल्ले झाली का, असे विचारा, आणि पुढच्या फोनला त्याची आठवण ठेवा. शिवाय पत्र लिहा. ५६ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्यावर टपाल आजही पोचते, आणि मुलीने पाठवलेले चित्र पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेले असले, की फोन न लागणारे दिवस सोपे जातात.

अडचणीच्या वेळी काय करायचे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ असावे. बहुतेक घरे जवानाच्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा फोन करत राहतात आणि तो लागत नाही. पहिला फोन युनिटच्या कार्यालयात करावा. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, कोण आजारी आहे आणि जवानाशी त्याचे नाते काय, रुग्णालयाचे नाव, डॉक्टरांचा क्रमांक आणि घरचा संपर्क क्रमांक इतके शांतपणे सांगावे. ‘लवकर पाठवा, सिरीयस आहे’ एवढ्यावर निर्णय घेणे वरिष्ठांना कठीण जाते. डॉक्टरांचा कागद फोटो काढून पाठवता आला, तर रजा त्याच दिवशी निघू शकते. गरज पडल्यास नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधावा. हे कार्यालय फक्त माजी सैनिकांसाठी आहे असा समज आहे, पण सेवेत असलेल्या जवानाच्या कुटुंबाच्या अडचणीही तिथे मांडता येतात. आईवडील, पत्नी आणि मुले यांची अवलंबित म्हणून नोंद आणि कार्ड झालेले असेल, तर देवळालीच्या लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात. ते कार्ड आजारपणाची वाट न पाहता पहिल्या सुट्टीतच पूर्ण करावे.

जमिनीचा बांध, वाटणी, कोर्टकचेरी यांची कामे सुट्टीवर ढकलली जातात, आणि समोरच्या पक्षालाही हे माहीत असते. विश्वासातल्या माणसाच्या नावे ठरावीक कामापुरते नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून ठेवा, सरसकट सगळ्या अधिकारांचे नको. युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दिवाणी प्रकरण पुढे रेटले जाऊ नये, यासाठी इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ हा कायदा आहे, आणि जिल्हाधिकारी तसे न्यायालयाला कळवू शकतात. आपल्या वकिलांना याची आठवण करून द्यायला संकोच करू नका.

आता जे बोलायला सगळेच टाळतात ते लिहितो. घरात कोणी गेले, तर अंत्यविधीला तुम्ही पोचालच असे नाही. माझे वडील गेले तेव्हा मी अशा ठिकाणी होतो, जिथून खाली उतरायलाच दोन दिवस लागले. घरी पोचलो तो सहावा दिवस होता. धाकट्या भावाने अग्नी दिला होता आणि थोड्या अस्थी माझ्यासाठी ठेवल्या होत्या. त्या मी रामकुंडावर विसर्जित केल्या आणि दशक्रियेला भावाशेजारी बसलो. हे नीट पार पडले, कारण वडिलांनी स्वतःच दोन वर्षे आधी, मी सुट्टीवर असताना, आम्हा दोघा भावांना समोर बसवून सांगितले होते की थोरल्यासाठी मला थांबवून ठेवू नका. हे संभाषण प्रत्येक जवानाच्या घरात व्हायला हवे. ते न झालेल्या घरांत थोरला आला नाही म्हणून वर्षानुवर्षे अबोला धरलेला मी पाहिला आहे.

पाचवी पायरी : घरी आल्यावर

पहिले तीन दिवस काहीही ठरवू नका. सत्यनारायण, सत्कार, मामाच्या गावची भेट, काहीही नाही. फौजेतले शरीर पहाटे पाचला उठते, जेवण घड्याळावर मागते, आणि तोंडात हिंदी येते. घराची लय वेगळी असते आणि ती तुमच्या माघारी बसवलेली असते. डबे कुठल्या फळीवर ठेवायचे, मुले किती वाजता झोपतात, गाय कोण धुते, हे सगळे कोणीतरी विचार करून लावलेले आहे. मी एका सुट्टीत दुसऱ्याच दिवशी घरातली पेट्यांची मांडणी बदलली, मुलांचे वेळापत्रक भिंतीवर लावले आणि फार चांगले केले असे मानत होतो. पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, तुम्ही गेल्यावर हे मलाच परत लावायचंय.” तेव्हापासून पहिला आठवडा मी फक्त पाहायचो आणि सांगतील ते करायचो. भाजी आणणे, मुलांना शाळेत सोडणे, आईला डोळे तपासायला नेणे ही कामे मागून घ्या. त्यांतूनच घरात काय चालले आहे ते कळते.

दोन-अडीच वर्षांचे मूल तुम्हाला ओळखणार नाही, आईच्या पदराआड लपेल. त्याला ओढून घेऊ नका. त्याच्याजवळ जमिनीवर बसून आपले काही काम करत राहा, दोन-तीन दिवसांत ते स्वतः येते. मोठी मुले, विशेषतः बारा-तेरा वर्षांची, रागावलेली असतात आणि तसे दाखवत नाहीत. त्यांच्याबरोबर एखादे काम करत बोलावे. माझा मुलगा समोर बसवले की गप्प असायचा, आणि मोटारसायकलवर मागे बसून पांडवलेण्याला जाताना सगळे सांगायचा.

पत्नीसाठी निदान दोन दिवस असे ठेवा की ज्यांत तिला स्वयंपाक नाही आणि घरात पाहुणे नाहीत. एकत्र कुटुंबात हे मागणे अवघड जाते, म्हणून ते सुनेने मागू नये, मुलाने आईला सांगावे. आया समजून घेतात.

गावाच्या अपेक्षांना मात्र मर्यादा घालाव्या लागतात. जवान आला की कोणी उसने पैसे मागतो, कोणी कॅन्टीनमधून सामान आणि बाटली आणायला सांगतो, रोज संध्याकाळी पारावर बोलावणे येते. कॅन्टीन कार्डावरचा कोटा तुमच्या घरासाठी आहे, आणि तिथली दारू दुसऱ्यांना पुरवणे नियमाबाहेरचे आहे, हे पहिल्याच वेळी नम्रपणे सांगितले की दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांना एका संध्याकाळी भेटून यावे, बाकीच्या संध्याकाळी घरात असाव्यात.

सहावी पायरी : कुटुंब सोबत नेणे

फील्डमध्ये, म्हणजे सीमेवरच्या किंवा कारवाईच्या भागातल्या नेमणुकीवर, कुटुंब नेता येत नाही. पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, क्वार्टरची यादी असते आणि नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून हजर होताच पहिल्या आठवड्यात नाव नोंदवा. फील्डवर गेलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी काही छावण्यांत वेगळी घरेही राखलेली असतात, त्यांची चौकशी करा. मुलांच्या शाळेची अडचण सांगून अनेक जण कुटुंब नेतच नाहीत. केंद्रीय विद्यालये १९६३ मध्ये सुरू झाली ती मुळात अशा बदलीच्या नोकरीतल्या पालकांच्या मुलांसाठीच. अभ्यासक्रम सर्वत्र एकच असतो आणि आपल्याकडेही नाशिकरोड, देवळाली, ओझर इथे ती आहेत. पहिल्या दोन मुलांसाठी शैक्षणिक भत्ता मिळतो, त्यासाठी शाळेचा बोनाफाइड दाखला दरवर्षी आठवणीने द्यावा.

माझे मत असे की मूल पाचवीत जाईपर्यंत मिळेल त्या प्रत्येक पीस स्टेशनला कुटुंब न्यावे, आणि आठवीनंतर शक्यतो हलवू नये. क्वार्टर लहान असते, पाणी वेळेवर येते न येते, शेजारीण दुसऱ्या भाषेची असते. तरीही माझ्या पत्नीला आज माझ्यासोबत क्वार्टरमध्ये काढलेल्या तीन वर्षांइतके दुसरे काहीच आठवत नाही. घरी आईवडील एकटे राहणार असतील, तर त्यांनाही वर्षातून महिनाभर तिकडे बोलवावे. घरात गंभीर अडचण असल्यास जवळच्या ठिकाणी बदलीसाठी पुराव्यांसह अर्ज करता येतो, आणि सेवेच्या शेवटच्या टप्प्यात घराजवळची जागा मागता येते. या दोन्ही गोष्टी नियमात बसतात, त्या मागण्यात कमीपणा नाही.

सातवी पायरी : परतीचे दिवस

शेवटच्या तीन दिवसांत नवे काम हाती घेऊ नका. पत्रे बदलणे, बोअरची मोटर काढणे, साखरपुड्याची बोलणी, हे सगळे आधी किंवा पुढच्या वेळी. निघण्याचा आदला दिवस पूर्ण घरात असावा. पेटी आदल्या रात्री भरून ठेवावी, म्हणजे सकाळी मुलांच्या डोळ्यांसमोर भरावी लागत नाही. लहान मुलांना झोपेत सोडून चोरून निघू नका. ती उठल्यावर दारे उघडून शोधतात आणि पुढच्या सुट्टीत रात्री झोपायला घाबरतात. त्यांना उठवून, किती झोपा झाल्यावर परत येणार तेही अंदाजाने सांगून, मगच निघावे.

रजा संपण्याच्या निदान बारा तास आधी युनिटला पोचेल अशी गाडी धरावी. रजेपेक्षा जास्त राहणे हा लष्कर कायदा, १९५० च्या कलम ३९ खाली गुन्हा आहे, आणि त्याची नोंद पुढच्या प्रत्येक रजेच्या आड येते. सुट्टीत आजारी पडलात, तर खासगी दवाखान्याचा कागद घेऊन घरी पडून राहू नका. जवळच्या लष्करी रुग्णालयात, आपल्याकडे देवळालीला, हजर व्हा आणि युनिटला त्याच दिवशी कळवा. मुदतवाढ हवी असेल, तर ती रजा संपण्यापूर्वी मागावी आणि मंजूर झाल्याचे कळेपर्यंत तिकीट रद्द करू नये.

गाडी मनमाड सोडते तेव्हा वही काढा. या सुट्टीत काय राहिले, आईच्या औषधांची नवी चिठ्ठी कोणाकडे आहे, मुलीच्या शाळेची फी कधी भरायची, पुढची रजा कोणत्या महिन्यात सोयीची, हे सर्व ताजे असतानाच लिहून ठेवा. युनिटला पोचल्यावर घरी फोन करून पोचल्याचे सांगा, आणि त्याच आठवड्यात बॅटरी हवालदार मेजरकडे जाऊन पुढचा महिना नोंदवा.